पानावर झोपलेले पाहुणे

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगचे मुनीमजी कॉम्प्युटरवरची खिडकी कधीच बंद करत नाहीत. आधी 'आवक' उघडतात, तिच्यावर 'काटा', त्याच्यावर 'चुकारे', आणि मधेच कुणी शेतकरी मागच्या सीझनची बाकी विचारायला आला की 'खातेउतारा'. तो शेतकरी चहा पिऊन समुद्रपूरला घरी पोचतो, त्याचा खातेउतारा मात्र रात्री कुलूप लागेपर्यंत पडद्यावर असतो. "बंद काऊन करू भाऊ? पुन्हा लागला तं?" असा त्यांचा सवाल. त्याचं उत्तर कॉम्प्युटरच्या पुस्तकात आहे, पण मुनीमजींपुढे ते टिकत नाही.

या जिनिंगचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. लिहिलं ते दुसऱ्याच गड्यानं. तो आता पुण्यात असतो आणि इकडचा नंबर दिसला की फोन उचलत नाही. त्याचा खाक्या सरळ होता. जी खिडकी उघडेल तिनं डेटाबेसशी आपलं स्वतंत्र कनेक्शन जोडायचं. सोडायचं कधी, ते बहुधा तो पुण्याहून कळवणार होता.

आमचा डेटाबेस मायएसक्यूएल. कुणी आकडा बदलला नसेल तर त्यात एका वेळी 151 कनेक्शनं मावतात. नवं कनेक्शन जोडायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम आपल्यापुरती 100 पानांपर्यंतची पंगत मांडून ठेवतो. तिला पूल म्हणतात. जेवणारा उठला की तेच पान पुढच्याला मिळतं, नवी मांडामांड करावी लागत नाही. पण आमचे पाहुणे वरणभात संपवून पानावरच आडवे होत. मग एकशेएकावा पाहुणा 15 सेकंद दाराशी ताटकळतो आणि इंग्रजीत काहीतरी बोलून निघून जातो. असे दोन कॉम्प्युटर भरात आले की सर्व्हरची 151 पानंही पुरत नाहीत. तरी आत माजघरात एक पान झाकून ठेवलेलं असतं, एकशेबावन्नावं. ते फक्त ॲडमिनचं. जावयाला मिळावा तसा हा मान मला याच एका घरात मिळतो.

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की मुनीमजींचा फोन ठरलेला. "साहेब, काटा अटकून राह्यला! बाहेर गाड्यांची लाइन लागली, अन् हे म्हनते टू मेनी कनेक्शन्स. आपल्याकडं तं वायर एकच हाये!"

जाऊन त्या राखीव पानावर बसलो आणि 'शो प्रोसेसलिस्ट' दिलं. सगळा पडदा भरून ओळी आल्या. प्रत्येकीपुढे एकच शब्द, 'स्लीप', आणि त्याच्यापुढे किती सेकंद झाले तो आकडा. एक ओळ तर वीस हजारांच्या पुढे गेलेली. मायएसक्यूएल सोशिक आहे. न बोलणाऱ्या कनेक्शनला तो 28,800 सेकंद, म्हणजे आठ तास, उठवत नाही. अख्खी पाळी झाली ती! मुनीमजी खांद्यावरून वाकून पाहत होते. "सारेच झोपले का जी? मंग उठवा ना." उठवायची आज्ञा 'किल' अशी आहे म्हटल्यावर ते दचकले. "मारू नका साहेब, त्याच्यात माझा एखादा चुकारा असन!" शंका रास्त होती. अर्धवट राहिलेला व्यवहार किल केला की डेटाबेस तो मुळापासून पुसून टाकतो.

शेठजींचा उपाय शेठजींसारखाच होता. "151 चे हजार करून टाका." हजार होतातही. पण दर कनेक्शनमागे सर्व्हरची मेमरी जाते, आणि झोपणाऱ्याला हजार पानं मांडली तर हजार जण झोपतात.

शेठजींचा मुलगा इंजिनिअरिंगला. तो म्हणाला, सगळ्या खिडक्यांना मिळून एकच कनेक्शन द्या, सकाळी जोडायचं, रात्री तोडायचं. दाखला थेट सेवाग्रामचा दिला. व्हाइसरॉय लिनलिथगोंनी बापूंशी तातडीनं बोलता यावं म्हणून आश्रमात टेलिफोन बसवला होता, तो आजही तिथं पाहायला मिळतो. बापूकुटी, बा कुटी, महादेव कुटी, प्रत्येकीत वेगळा फोन होता का? बिनतोड वाटलं. पण कनेक्शन एक म्हणजे व्यवहारही एक. मुनीमजींनी चुकारा अर्ध्यावर ठेवून काट्यावरचं वजन चढवलं आणि परत येऊन चुकारा रद्द केला, तर वजनही त्याच्यासोबत जाईल. कापूस आवारात आणि वजन स्वर्गात! शिवाय फोनचं मर्म तो एकच असण्यात नाही, बोलणं झालं की खाली ठेवण्यात आहे.

म्हणून आता सगळ्या खिडक्यांची कनेक्शनं एकाच ठिकाणाहून दिली जातात. खिडकीनं यायचं, आकडे घ्यायचे आणि तिथल्या तिथे पान सोडायचं. मधेच चूक झाली तरी 'यूझिंग' नावाची सोय हात धरून उठवते. मग मुनीमजी त्या आकड्यांकडे बघत तंबाखू मळोत की जेवायला जाऊन येवोत, डेटाबेसला पत्ता नसतो. फक्त साठवायच्या वेळी प्रोग्राम एकदा विचारून घेतो, मधल्या काळात दुसऱ्या कुणी हा हिशेब बदलला का. माणसाची सवय आपण मोडू शकत नाही. तिचं भाडं सर्व्हरनं भरू नये, एवढंच बघायचं.

या सीझनला मुनीमजींनी खिडक्यांवर खिडक्या रचल्या, काटा एकदाही अटकला नाही. मी खुशीत विचारलं, आणखी काही हवं का? ते म्हणाले, "एक काम करून द्या साहेब. इतक्या खिडक्यांत पाह्यजे ते सापडतच नाही. कोनती कोनती खिडकी उघडी हाये, ते दाखवनारी एक खिडकी द्या."

दिली. तीही ते बंद करत नाहीत.