पाणी कितव्या दिवशी?

आमच्या शहरात घर बघायला आलेला माणूस घर बघत नाही. फाटकातून आत आला की त्याची नजर खाली फिरते आणि हौदाचं झाकण शोधते. ते सापडलं की त्यावर बुटाची टाच आपटून तो विचारतो, "किती हजार लिटर?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "पाणी कितव्या दिवशी?" हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम वगैरे त्याच्या लेखी हौदाभोवती केलेलं किरकोळ बांधकाम असतं.

सिडकोच्या एन-९ भागातलं आमचं रो-हाऊस विकायला काढलं ते हिच्या गुडघ्यांमुळे. सिडकोनं बांधून दिलेल्या मूळ दोन खोल्या, मागे वाढवलेलं स्वयंपाकघर आणि मुलीच्या दहावीच्या वर्षी वर चढवलेला मजला. मुलगी आता पुण्याला बाणेरमध्ये, वरचा मजला कबुतरांकडे. लिफ्टवाल्या इमारतीत जाऊ असं ठरलं. विकायचं म्हटल्यावर दोनतीन महिन्यांत काम होईल असं सगळेच म्हणाले, कारण त्यांच्यापैकी कुणाला काही विकायचं नव्हतं.

घराच्या भावाचंच बघा. २०२४ च्या जुलैमध्ये टोयोटानं इथे २०,००० कोटींच्या प्रकल्पाचा करार केला आणि त्या संध्याकाळी शहरातल्या प्रत्येक घरमालकानं मनातल्या मनात आपल्या घराची किंमत दहा लाखांनी वाढवली. आमचे साडूभाऊ तर म्हणाले, "आत्ता विकलंत तर आयुष्यभर हळहळाल." त्यांनी स्वतः देवळाईला घेतलेला प्लॉट बरीच वर्षं तसाच पडून आहे आणि तेही हळहळतच आहेत, पण तो मुद्दा त्यांच्याशी काढता येत नाही. गिऱ्हाईकांचं गणित वेगळं होतं. एका तरुणानं मला समजावलं, "काका, टोयोटा बिडकीनला. तुमचं घर एन-नऊला. मधे अख्खं शहर आहे. भाव तिकडे वाढणार, तुम्ही इकडे कसे मागायलात?" मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी त्याला चहा विचारला.

त्यातून नव्या स्कीमांशी स्पर्धा. बीड बायपासला त्याच पैशांत सातव्या मजल्यावरचा टू बीएचके मिळतो आणि खाली जिम असते. तिथे कुणी व्यायाम करत नाही, पण बघायला बरी वाटते. आमच्याकडे दारात पारिजातक आहे. त्याचे चौरस फूट लावता येत नाहीत. शिवाय सिडकोची घरं मुळात भाडेपट्ट्यानं दिलेली, त्यामुळे 'लीज होल्ड' म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. एक गृहस्थ म्हणाले, "यापेक्षा गुंठेवारीतला प्लॉट निम्म्यात पडतो." मी म्हटलं, "अहो, पण तो नियमित आहे का?" ते शांतपणे म्हणाले, "२००१ साली कायदा केला. २०२१ मध्ये सुधारणा करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. पुढेही घेतील की." सरकारवर इतका गाढ विश्वास असलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

मुलीनं फोनवरून सांगितलं, "बाबा, घर विकायचं तर आधी रिकामं दिसलं पाहिजे. सामान काढा. मोकळं मोकळं वाटायला हवं." तिला तिकडे जाऊन आठ वर्षं झाली, ती विसरली. या गावात सामान म्हणजे पाणी. न्हाणीघरात दोन निळे ड्रम, गॅलरीत एक, जिन्याखाली पितळी पिंप, ओट्याखाली कॅनची रांग, पलंगाखाली झाकणाची पातेली. देवघराच्या बाजूची कळशी देवाची वाटते, पण तिच्यातही प्यायचंच पाणी. आता हे सगळं लपवायचं म्हणजे आधी ओतायचं, आणि पाणी ओतून देण्याची कल्पना ऐकून ही इतकी वेळ माझ्याकडे बघत राहिली की मी पेपर उचलला.

तरी एका रविवारी धीर करून ड्रम शेजाऱ्यांच्या गच्चीवर चढवले. घर खरंच मोठं दिसायला लागलं. आलेल्या जोडप्यातल्या बाईंनी मात्र न्हाणीघर बघितलं, ओट्याखाली वाकून बघितलं आणि नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "ह्यांच्याकडे पाणीच दिसत नाही हो." पुढच्या खेपेला ड्रम जागेवर ठेवले. तेव्हा दुसऱ्या बाई म्हणाल्या, "बाई गं, इतकं साठवावं लागतं इथे?" मग हिनं मधला मार्ग काढला. एकच ड्रम ठेवायचा, त्यावर भरतकामाचं टेबलक्लॉथ आणि वर फुलदाणी. पुढे दोन गिऱ्हाइकांनी ते टेबल सोडून जाणार का असं विचारलं.

आमच्या एजंटाचं म्हणणं होतं की पाण्याचा विषय आपणच काढायचा, आक्रमकपणे. पैठणच्या नाथसागर जलाशयाची क्षमता शंभर टीएमसीच्या वर, पैठण इथून पन्नासेक किलोमीटर, आणि त्या वेळी तिथून येणाऱ्या नव्या जलवाहिनीचं काम चाललेलं. १,६८० कोटींवर सुरू झालेली ती योजना २,७४० कोटींवर गेली होती. भावात सतत वाढ होत असलेली शहरातली ती एकमेव मालमत्ता असावी. एजंटानं पैठण रोडला पडलेल्या पाइपात उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला होता. पाइपाचा व्यास अडीच मीटर. तो फोटो प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवून तो म्हणायचा, "यात माणूस उभा राहतोय, सर! असं पाणी येणार आहे." एका आजोबांनी चष्मा वर करून तो फोटो निरखला आणि म्हणाले, "माणूस उभा आहे म्हणजे आत पाणी नाही."

एक निवृत्त प्राध्यापक आले. त्यांनी हौदाच्या झाकणावर टाच आपटली नाही, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटला. त्यांनी मलिक अंबरापासून सुरुवात केली. १६१० मध्ये त्यानं खडकी, म्हणजे आमचं हे शहर, वसवलं, मग नहर काढली, मोटार नाही, वीज नाही, नुसत्या उतारावर पाणी गावभर खेळवलं. पाणचक्कीवर येणारं पाणीही असंच डोंगराकडून मातीच्या नळांतून आणलेलं. मी दोनदा चहा केला. विद्वान माणसाला घर विकण्यात एक समाधान असतं, असं मला वाटायला लागलं होतं. चपला घालताना ते थांबले. "सगळं छान आहे. पाणी कितव्या दिवशी?"

मग मी ठरवलं की गिऱ्हाईक पाण्याच्या दिवशीच बोलवायचं. नळ धो धो वाहताना बघू दे. पण पाण्याचा दिवस ठरलेला असला तरी वेळ ठरलेली नसते, आणि त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीला ते रात्री साडेबाराच्या पुढे यायचं. नशिबानं एक गिऱ्हाईक असं मिळालं की वाळूजच्या कंपनीत सेकंड शिफ्टला होतं आणि कंपनीची बस त्याला टीव्ही सेंटरला त्याच सुमारास सोडायची. मी फोन केला. "आलंय. या लगेच." गळ्यातल्या ओळखपत्रासकट तो आला. नळाखाली बादली लावली, मोबाइलवर सेकंद मोजले, पुन्हा लावली, पुन्हा मोजले. चेहरा खुलला. "प्रेशर चांगलंय की, काका. मोटार तर नाही ना लावली?"

लायनीवर थेट मोटार लावायला बंदी आहे, त्यामुळे आमच्या गल्लीत मोटार कुणाकडेच नाही. पाण्याच्या रात्री जी घरघर ऐकू येते ती कसली, हे आजवर कुणी कुणाला विचारलेलं नाही.

तो तसा घरच घेऊन गेला असता. घोटाळा एवढाच की पाण्याच्या रात्री अख्खी गल्ली जागी असते. कुणी पायऱ्या धुतंय, कुणी स्कूटर, पोरं पाइप घेऊन एकमेकांच्या अंगावर. रात्री एक वाजता नवा माणूस दिसल्यावर शेजारच्या वहिनींनी प्रेमानं चौकशी केली, समोरच्या नानांनी खुर्ची दिली, आणि अर्ध्या तासात त्याला आमच्या गच्चीतली गळती, वरच्या मजल्याच्या परवान्याची तारीख आणि मला पाहिजे असलेली खरी किंमत, हे सगळं समजलं. जाताना तो मला म्हणाला, "शेजार फार चांगलाय, काका." पुन्हा फोन उचलला नाही.

वास्तुवाले एकदा येऊन गेले. मोबाइलमधलं होकायंत्र फिरवून त्यांनी मुख्य दाराला नाकं मुरडली, पण हौदापाशी थबकले. "हौद बरोब्बर ईशान्येला! या घराला पाण्याची कधी कमतरता पडणार नाही." ही आतून रिकामी बादली घेऊन नेमकी तेव्हाच बाहेर आली.

पैशांच्या गप्पांबद्दल जास्त लिहिण्यात अर्थ नाही, त्या सगळीकडे सारख्याच. 'एक नंबरात किती, दोन नंबरात किती' असं विचारणाऱ्याला मी 'सगळे एक नंबरात' म्हटलं की तो माझ्या तब्येतीची चौकशी करायचा. पन्नास लाखांपासून पुढे घेणाऱ्याला एक टक्का टीडीएस कापून भरावा लागतो, म्हणून एकजण ४९ लाख ९० हजारांवर अडून बसला. त्याला वाचणाऱ्या रकमेपेक्षा फॉर्म भरायचा कंटाळा जास्त होता. एक कागद आणायला एका कार्यालयात बरेच खेटे घातले. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. अजून एक कागद तिथूनच आणायचाय.

आणि मग हे गृहस्थ आले. पांढरा सदरा, हातात दोन मोबाइल. फाटकातून आत आलेच नाहीत. रस्त्यावरच उभे राहून आमच्या फाटकापासून विजेच्या खांबापर्यंत पावलं टाकली, परत आले, पुन्हा कोपऱ्यापर्यंत गेले. मग विचारलं, "रस्ता किती फुटी? रात्री समोर कुणाच्या गाड्या लागतात? ही वरची वायर जरा खाली आहे, उचलता येईल ना?" मी म्हटलं, येईल. त्यांनी घर दोन मिनिटांत बघितलं, हौदाकडे ढुंकूनही बघितलं नाही. ही स्वयंपाकघरातून मला खुणा करत होती. मला राहवेना. "पाण्याचं काही विचारलं नाहीत तुम्ही?"

ते मोकळेपणानं हसले. "काका, माझे पाच टँकर आहेत. मला गाड्या लावायला जागा पाहिजे." मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "ती मोठी लाइन कधी चालू होईल, काही अंदाज?" ती लाइन कधी होणार हे आजवर आलेल्या प्रत्येकानं मला विचारलं होतं. काळजीच्या सुरात विचारणारे हे पहिलेच. मी त्यांना धीर दिला. म्हटलं, अशी कामं वेळ घेतात.

किमतीवर घासाघीस झाली, पण चांगल्या मनानं. ते दोन लाख खाली या म्हणाले, मी एकावर आलो, ही बाहेर आली आणि म्हणाली, "एक लाख कमी करतो, पण ताबा देईपर्यंत टँकर तुमचा." त्यांनी तिथल्या तिथे हो म्हटलं. वकीलसाहेब साठेखतात टँकर घालायला काही केल्या तयार होईनात. त्यांच्या मसुद्यात तसा रकाना नव्हता. मग हिनं इसार पावतीच्या मागच्या बाजूला स्वतःच्या अक्षरात लिहून टँकरवाल्यांची सही घेतली: 'ताबा देईपर्यंत दर आठवड्याला एक टँकर, पाच हजार लिटरचा, पूर्ण भरून.' 'पूर्ण भरून'च्या खाली दोन रेघा मारल्या आहेत. शेजारच्या वहिनी ती पावती बघायला येऊन गेल्या आणि आता त्यांच्याही गुडघ्यांची कुरकुर सुरू झाली आहे.