कळव्याची केस

भिवंडीत ‘अमक्याला कळव्याला पाठवलंय’ म्हटलं की लोक आधी हळहळतात, मग डबा कोण नेणार ते विचारतात. जॉबरकाकांना मात्र विचारतात, ‘आज कुठली बॅच?’

काका पद्मानगरच्या यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारे, होते. अडखळणारा लूम ते दारातूनच, नुसत्या खटखटीवरून ओळखायचे. त्या खटखटीनं पुढे कान खाल्ले. हृदयाची झडप त्याआधीच गेली होती. लहानपणी घसा दुखला, मागून सांधे सुजवणारा ताप आला आणि झडप आखडत गेली. आता रक्त तिच्यातून घरघरत जातं. इंदिरा गांधी उपजिल्हा रुग्णालयानं त्यांना कशेळीच्या पुलापलीकडे, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात धाडलं. तिथे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय. म्हणजे खाटेपाशी डॉक्टर एक, मागे अॅप्रन दहा.

तो घोळका आला की बाकीचे पेशंट चादर डोक्यावर ओढतात. ‘आमच्यावर हात साफ करतात’, ‘मोठ्या डॉक्टरांना बोलवा’ वगैरे. बायकांच्या वॉर्डात शिकाऊ मुलगे नकोत म्हणतात ते तर रास्तच आहे. नको म्हटल्यानं औषध थांबत नाही, एवढं त्यांना कुणीतरी आधीच सांगायला हवं.

काका घोळका दिसताच शर्टाची बटणं सोडायला घेतात. नियम मात्र त्यांचे. आधी नाव सांगायचं, मग हात धुवायचे, स्टेथोस्कोपचं तोंड तळहातात धरून कोमट करायचं. ऐकायला दहा जण चालतील, टोचायला एकच. हिस्ट्री ते पुस्तकातल्या क्रमानं सांगतात: दम कधीपासून, जिन्यावर किती, रात्री उशा किती. व्यवसाय विचारायला कुणी विसरला की पुन्हा पहिल्यापासून.

‘डायफ्रॅम नको, बेल लाव. मला डाव्या कुशीवर घे. आला आवाज?’

‘हो, काका.’

‘खोटं. मी अजून श्वास सोडला नाही.’

हा आवाज काकांनी स्वतः कधीच ऐकलेला नाही. एका मुलीनं हौसेनं स्टेथोस्कोप त्यांच्या कानाला लावला; लूमनं बधिर केलेल्या कानांना काही कळेना. तिनंच त्यांना स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लेनेकची गोष्ट सांगितली. १८१६ साली पॅरिसमध्ये एका तरुणीच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला, म्हणून त्यानं कागदाची गुंडाळी करून ऐकलं. तेव्हापासून काका स्टेथोस्कोपला ‘फ्रान्सवाल्याची कांडी’ म्हणतात.

प्रॅक्टिकल परीक्षेत काका हमखास लाँग केस, म्हणजे पोरांनी सविस्तर तपासून निदान करायचा पेशंट. निदान सांगायचं नाही, अशी ताकीद असते आणि ते ती पाळतात. गोंधळलेलं पोर दिसलं की फक्त आपण होऊन डाव्या कुशीवर वळतात आणि भिंतीकडे बघत बसतात.

घरी काकूंना हे पटत नाही. ‘फुकटची प्रदर्शनं!’ त्यावर काका ऐकवतात, ‘मी काय पोटातून जॉबर आलो? मालकाचे तागेच्या तागे बिघडवले तेव्हा शिकलो.’ हे खरंच. पण मला विचाराल तर यात त्यागबिग थोडाच आहे. मोठे डॉक्टर दोन मिनिटं देतात, पोरं तासभर बसतात. रिटायर जॉबरचं तासभर ऐकून घेणारं माणूस भिवंडीत दुसरं कोण आहे?

गेल्या महिन्यात मोठ्या डॉक्टरांनी फुगा घालून झडप मोकळी करायचा सल्ला दिला. पैसे महात्मा फुले योजनेतून. काकूंनी हात जोडले. काका गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाले, ‘साहेब, मग आवाज जाणार?’

‘थोडा राहील.’

‘पोरांना ऐकू येईल इतका?’

डॉक्टर हसले. काकांनी संमतीच्या कागदावर सही केली आणि तारीख मात्र परीक्षा आटोपल्यानंतरची मागून घेतली.