चौसष्टे काका

आमच्या सोसायटीतल्या या गृहस्थांचं खरं आडनाव फक्त वीजबिलावर असतं. एरवी ते चौसष्टे काका, कारण दिसेल त्या वस्तूला ते मनातल्या मनात चौसष्टने भागतात. त्यांच्या छोट्या रेल्वेचं प्रमाण 1:64, म्हणजे एस स्केल. शहाण्या माणसाने 1:87 चं एचओ घ्यावं. त्यात इंजिनापासून फलाटावरच्या प्रवाशापर्यंत सगळं विकत मिळतं. काका कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहून येतात, तोंड भरून कौतुक करतात आणि मग, मुलगी चांगली आहे पण कडक मंगळ आहे, अशा सुरात म्हणतात, "एचओ आहे हो!"

एसचेही एके काळी बरे दिवस होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गिल्बर्ट कंपनीच्या 'अमेरिकन फ्लायर' गाड्या याच मापात घरोघरी धावल्या. 1967 साली कंपनी बुडाली, हे सांगताना काका अजूनही आवंढा गिळतात.

न्यू जर्सीचा भाचा यायचा झाला की इतर मामा बदाम-चॉकलेटं सांगतात, हे चाकं सांगतात. पण तिकडची चाकं तिकडच्या रुळांची. अमेरिकेचा 1435 मिलिमीटरचा गेज या मापात साडेबावीस होतो. आपला ब्रॉडगेज 1676, तो होतो 26.2. (काकांची उंची पाच फूट सहा इंच, म्हणजे बरोब्बर ब्रॉडगेज. हे ते पाहुण्यांना आपणहून सांगतात.) मग प्रत्येक जोडीची चाकं उपसायची आणि भोसरीच्या लेथवाल्याकडून लांब आस करून घ्यायचा.

स्लीपर कुल्फीच्या काडीतून निघतात. काडी मधोमध उभी चिरायची, त्रेचाळीस मिलिमीटरवर कापायची, एकीत चार. खऱ्या रेल्वेला किलोमीटरमागे दीडेक हजार स्लीपर लागतात, म्हणजे काकांच्या एका किलोमीटरला पावणेचारशे कुल्फ्या. काकूंना मधुमेह आहे, त्यामुळे हा भार सोसायटीतल्या पोरांनी उचलला आहे.

जुन्या धाटणीचा एक डबा भरतो तेहेतीस सेंटिमीटर. निळ्या-क्रीम डेक्कन क्वीनला सोळा डबे लावले तर गाडी पाच मीटरच्या वर जाते आणि हॉल संपतो. काकू म्हणाल्या, "इंजिन दादरला पोचलं, पण गार्ड अजून आमच्या मोरीत आहे."

मी एकदा सुचवलं, माथेरानची गाडी करा. दोन फुटी गेज भागिले चौसष्ट म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. एन गेजचे नऊ मिलिमीटरचे तयार रूळ जवळजवळ चपखल बसतील. काका बराच वेळ गप्प होते.

"तयार रूळ?" ते म्हणाले. "मग मी काय करू?"

अलीकडे शहरात दुसरे एक एसवाले निघाले. मी हौसेने भेट घडवली. त्यांनी अमेरिकन साडेबावीसच्या रुळांवरच भारतीय डबे चढवले होते, आणि झकास धावत होते. काकांनी खिशातून व्हर्नियर काढला, रुळांना लावला, परत खिशात ठेवला. चहा घेतला नाही. आता दोघांचं बोलणं बंद आहे, ते 3.7 मिलिमीटरवरून. दोघेही मला स्वतंत्रपणे फोन करतात आणि समोरच्याने कुठली चाकं मागवली, ते विचारतात.