आराम झाला का?

बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या बाईला पहिला प्रश्न ठरलेला: "काय मग, मस्त आराम झाला ना?" विचारणारे साहेब शनिवार-रविवारच्या आरामाने सोमवारी दुपारपर्यंत थकलेले असतात.

कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं, असंही कायदा म्हणतो. सोय असतेच की! दारावर पाटी, पाटीवर हसरं फुलपाखरू. आत बिघडलेला प्रिंटर, पाय मोडलेल्या दोन खुर्च्या आणि थर्माकोलबंदीच्या आधीचं गणपतीचं मखर. ते चार वेळा पाहून यायला कोणाचीही ना नाही.

काम मात्र मोठ्या मायेने हलकं केलेलं असतं. तिचा क्लायंट कालपरवापर्यंत तिच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाकडे, आणि तिच्याकडे स्नेहसंमेलनाची समिती. "तुला त्रास नको म्हणून." रजेच्या काळात सेवेच्या अटी तिच्या तोट्याच्या करू नयेत, असं कलम आहे खरं, पण समिती हा तोटा कसा? तो तर मान!

मग येतं अप्रेझल. शेरा: 'वर्षभरात सहभाग कमी.' एचआरला ती रजेवर असल्याचं ठाऊक नसेल म्हणावं, तर रजेच्या अर्जावर सही त्यांचीच.