उरलेल्या रजेचा पगार

नोकरी सोडताना माणसाला केक मिळतो, पुष्पगुच्छ मिळतो आणि सगळ्यांच्या सह्यांचं भेटकार्डही मिळतं. उरलेल्या रजेचे पैसे मात्र ‘प्रोसेसमध्ये’ असतात.

माझ्या पीएल बऱ्याच साठल्या होत्या. हौसेने साठवल्या होत्या असं कुणी समजू नये. अर्ज घेऊन गेलं की साहेब म्हणत, “तुमच्याशिवाय अकाउंट्समधलं पान हलत नाही हो. गणपतीनंतर बघू.” गणपतीनंतर ऑडिट असे, आणि ऑडिटनंतर साहेब स्वतःच महाबळेश्वरला असत. पुढे मी राजीनामा दिला, तेव्हा एचआरमधली मुलगी हळहळून म्हणाली, “सर, घ्यायच्या होत्या ना वेळेवर. लॅप्स झाल्या.” जणू दूधच नासलं!

मग मी कायदा वाचायला बसलो. नोकरी सुटलेल्या माणसाला वाचनाला वेळ बरा मिळतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा आहे. ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. शिवाय पंधरा दिवस आधी मागूनही मालकाने नाकारली, तर ४५ च्या वरच्या रजेचेही पैसे मागता येतात. हे वाचून मी खुर्चीतून उठलोच, आणि लगेच बसलो. आमच्या साहेबांनी उभ्या कारकिर्दीत कुणाला रजा नाकारलेली नाही. ते फक्त ‘बघू’ म्हणत, आणि तेही तोंडी.

रजेचा पगार हा पगारासारखाच, म्हणजे कर्मचाऱ्याची मालमत्ता, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका ग्रामीण बँकेच्या माजी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात म्हटलं आहे. त्याआधी २०२३ मध्ये सरकारने खासगी नोकरदारांच्या या रकमेवरची करमाफी तीन लाखांवरून पंचवीस लाखांवर नेली होती. मला तेवढी रजा साठवायला तीन जन्म लागले असते, पण सरकारची भावना पोचली.

हे सगळं घालून मी एक सभ्य ई-मेल लिहिला आणि शेवटी सहायक कामगार आयुक्तांचा ओझरता उल्लेख केला. इतके दिवस निवांत असलेली प्रोसेस त्याच संध्याकाळी धावू लागली. फोन आला, “सर, रागावलात का?”

आता पैसे द्यायचे आहेत याबद्दल दुमत नाही. वाद भागाकाराचा आहे. एका दिवसाचा पगार काढायला ते महिन्याला ३० ने भागतात, मी २६ ने. त्यांनी धरला आहे बेसिक, माझं बोट ग्रॉसवर. गंमत म्हणजे नोटीस पिरियड थोडा कमी पडला म्हणून त्यांनी जे कापलं, ते बिनदिक्कत ग्रॉसवर कापलं. द्यायचं आणि घ्यायचं गणित एकाच इमारतीत, एकाच कॅल्क्युलेटरवर, दोन वेगळ्या पद्धतींनी होतं, आणि अकाउंट्समध्ये इतकी वर्षं काढून मला हे माहीत नव्हतं असंही नाही.

मित्र म्हणतात, “जाऊ दे रे, चार पैशांसाठी संबंध कशाला बिघडवतोस?” हा सल्ला कंपनीला कुणीच कसा देत नाही? मी कालच २६ चं कोष्टक नव्याने पाठवलं आहे, खाली ‘कळावे, लोभ असावा’ लिहून.