सुट्टीत मेस बंद

मार्च आला की अमेरिकेतल्या कॉलेजांना आठवडाभराची सुट्टी लागते. स्प्रिंग ब्रेक. नावात वसंत आहे, पण मिनेसोटा-मिशिगनकडे तेव्हा दारातला बर्फ उपसायचा असतो. पोरं उन्हाकडे पळणार नाहीत तर काय करतील?

पळतात, फ्लोरिडाला. वाट जुनीच आहे. 1930 च्या दशकात कोलगेट विद्यापीठाचे जलतरणपटू सरावासाठी फोर्ट लॉडरडेलला जाऊ लागले. 1960 मध्ये तिथल्या सुट्टीवर सिनेमा निघाला आणि पोहता न येणारेही निघाले. 1985 मध्ये गर्दी साडेतीन लाखांच्या घरात गेली. शहराने हात जोडले.

मग डेटोना बीच. 1986 मध्ये तिथे एमटीव्हीचे कॅमेरे पोचले. नंतर पनामा सिटी बीच. तिथे 2015 मध्ये मार्चपुरती किनाऱ्यावर दारूबंदी आली. 2024 मध्ये मायामी बीचने तर जाहिरात करून सांगितलं, आपलं नातं संपलं. पाहुणे यावेत म्हणून जाहिरात करणारं गाव, येऊ नका म्हणून पैसे मोजायला लागलं.

हे सगळं पडद्यावर पाहून झालंय. कॅमेरा वसतिगृहाकडे कधी वळला?

तिथेही मुलं असतात. तिकीट परवडत नाही म्हणून मागे राहिलेली.

समाजशास्त्रज्ञ अँथनी अब्राहम जॅक यांनी 2019 च्या ‘द प्रिव्हिलेज्ड पुअर’ या पुस्तकात त्यांची गोष्ट मांडली. नामांकित विद्यापीठ, गरीब घरातली हुशार मुलं, शिष्यवृत्ती भरभक्कम. प्रवेशाच्या वेळी त्यांचं कौतुक होतं. स्प्रिंग ब्रेकला मेसला कुलूप लागतं आणि त्यातली काही उपाशी राहतात. सगळी मुलं सुट्टीला बाहेर जाणारच, हे कुणी ठरवलं? ज्यांच्या घरी तिकिटाला पैसे आहेत, त्यांनीच.

जॅक स्वतः गरीब घरातून ॲमहर्स्ट कॉलेजात गेलेले. मूळचे मायामीचे. बाकीचे जिथे सुट्टीला जातात, ते त्यांचं गाव.

काही मुलं ही सुट्टी सेवेत घालवतात. कत्रिना वादळानंतर, 2006 च्या मार्चमध्ये हजारो विद्यार्थी न्यू ऑर्लिन्सला गेले. बुरशी चढलेल्या भिंती फोडल्या, भिजलेलं सामान ओढून रस्त्यावर काढलं. आपल्याकडे एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात गावातला बंधारा बांधलेल्यांना त्या आठवड्याची किंमत सांगायला नको. मात्र अशा सहलींना अनेकदा विद्यार्थ्यांकडून पैसे घेतात. म्हणजे खिसा रिकामा असेल तर सेवेचीही संधी हुकली!

आणि आपली मुलं? पुण्या-नागपूरहून शैक्षणिक कर्ज काढून गेलेली?

त्यांच्या एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं. अधिकृत सुट्टीत पूर्णवेळ काम चालतं. म्हणून कुणी ग्रंथालयात जादा पाळ्या मागून घेतं, कुणी प्रयोगशाळेत बसून राहतं. मेसमध्ये काम करणाऱ्याचं काय? मेस बंद, म्हणजे जेवण गेलं आणि पगारही गेला.

इकडे नातेवाईक विचारतात, सुट्टीत कुठे फिरलास? पोरगा ‘इथेच’ म्हणतो आणि विषय बदलतो.

उपाय अवघड नाही. काही कॉलेजांनी सुट्टीतही एखादी मेस उघडी ठेवायला सुरुवात केली. तेवढ्याने भागतं. अब्जावधी डॉलर्सच्या ठेवी सांभाळणाऱ्या विद्यापीठांना आठवड्याचा स्वयंपाक जड का व्हावा? पोरांना परीक्षेत पहिलं येताना पाहायचंय, तर मार्चमधली ती सात रात्रीची जेवणंही हिशेबात धरा.

पालकांनो, समुद्राचा फोटो आला नाही म्हणून हिरमुसू नका. तुझी मेस कधी उघडते, ते विचारा. आणि पैसे लागले तर मागायला लाजू नकोस, हे पोराने विचारण्याआधी सांगा.