दहावी, बारावी आणि लक्षद्वीप

लक्षद्वीपच्या क्रूझला कधी जावं, याचं उत्तर एका ओळीत देता येतं. डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत, त्यातही फेब्रुवारी. खरं तर सदर इथेच संपायला हवं. पण मराठी माणूस सहलीची तारीख समुद्राला विचारून ठरवत नाही. तो आधी शाळेला विचारतो, मग साहेबाला, मग भावोजींना आणि शेवटी क्रेडिट कार्डाला. समुद्राचा नंबर लागतो थेट बोटीवर, दुसऱ्या दिवशी सकाळी, पोटात ढवळायला लागल्यावर.

२०२४ च्या जानेवारीत पंतप्रधानांचे लक्षद्वीपच्या पाण्यात स्नॉर्केलिंग करतानाचे फोटो आले आणि कांदिवलीपासून कोथरूडपर्यंत घरोघरी एकमताने ठराव झाला की यंदा मालदीव नाही, लक्षद्वीप. मालदीवला नक्की कोण निघालं होतं, ते विचारायचं नाही. ठराव झाला जानेवारीत, म्हणजे अगदी वेळेवर. मग जायचं कधी? ‘मुलांना सुट्टी लागली की!’

घोटाळा आहे तो इथे. आपल्या शाळांना मोठ्या सुट्ट्या दोन, मे महिन्याची आणि दिवाळीची. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे हंगामही दोनच. एक पाऊस लागण्याआधीचा, मे-जूनचा. दुसरा पाऊस सरल्यावरचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. शिक्षण खातं आणि हवामान खातं यांच्यात इतका समन्वय दुसऱ्या कुठल्याही बाबतीत दिसलेला नाही.

पटत नसेल तर २०१९ ची दिवाळी आठवा. लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं आणि त्याच सुमारास ‘क्यार’ अरबी समुद्रात थैमान घालत होतं. ते पश्चिमेकडे सरकतंय तोवर मागून ‘महा’ आलं आणि चकल्यांचा डबा अर्धाही संपला नसेल तेव्हा, ३१ ऑक्टोबरला, लक्षद्वीपवरून गेलं. २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ लक्षद्वीपच्या आसपासच आकाराला आलं आणि चार दिवसांत मुंबईच्या दारात येऊन उभं राहिलं. २०१७ मध्ये ‘ओखी’ने मिनिकॉय आणि कल्पेनीला झोडपलं ते डिसेंबरच्या सुरुवातीला. वर ‘डिसेंबरच्या मध्यापासून’ म्हटलंय ते उगाच नाही. दरवर्षी वादळ येतंच असं नाही, हे कबूल. पण तिकिटावर तेवढी ओळ ठळक छापलेली नसते.

वादळाला दोन गोष्टी लागतात. खाली उबदार पाणी आणि वर शांतता, म्हणजे खालच्या आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांमध्ये फार तफावत नको. आपल्या दोन्ही सुट्ट्यांत हे दोन्ही जमून येऊ शकतं. ऐन पावसाळ्यात मात्र ही तफावत इतकी असते की वादळाला डोकं वर काढता येत नाही. हे वाचून लगेच जुलैचं बुकिंग करू नका. तेव्हा वादळाचं काम मान्सूनचा वारा एकहाती करतो आणि तीन-चार मीटरच्या लाटा रोजच्या असतात.

जहाजवाल्यांना हे पाठ असतं. मुंबईहून लक्षद्वीपला जाणारी क्रूझ २०२३ च्या जूनमध्ये चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्या करत होती. नैऋत्य मान्सूनचा मारा पश्चिम किनारा खातो, पूर्व किनारा त्या मानाने आडोशाला राहतो. लक्षद्वीप प्रशासनाचं ‘समुद्रम’ पॅकेजही मोसम पाहूनच चालतं. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात बोटीने जाणाऱ्यांना यात नवल वाटलं नसतं, पावसाळ्यात बोट बंद म्हणजे बंद. कित्येक कोळी बांधव आजही नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. त्यांना हे कळायला ॲप लागत नाही. ॲप लागतं आपल्याला, आणि तेही ‘मान्सून धमाका, ४० टक्के सूट’ एवढंच दाखवतं. सूट कशाबद्दल आहे, ते समुद्रावर गेल्यावर कळतं.

क्रूझचा मोसम आकाशावरून ठरतो, असं आपल्याला वाटतं. निळं आभाळ, पांढरी वाळू, झालं काम. प्रत्यक्षात तो ठरतो जहाजाच्या कुशीतल्या एका दारात. लक्षद्वीपची बेटं प्रवाळाची. भोवती खडकांचं कडं, आत उथळ पाणी. मोठं जहाज आत शिरू शकत नाही, ते बाहेर उभं राहतं. मग ते दार उघडतं आणि खाली छोटी होडी हेलकावत असते. होडी कधी दाराच्या पातळीत, कधी पुरुषभर खाली. खलाशी तुमचं मनगट पकडतो, होडी वर येईपर्यंत थांबवतो आणि ती आली की म्हणतो, ‘आता!’ तेवढ्या एका क्षणात पाऊल टाकायचं. फेब्रुवारीत हे काम आजीबाईसुद्धा पर्स सांभाळत करतात. नोव्हेंबरच्या एखाद्या दिवशी कप्तान दारच उघडत नाही.

दार उघडलं नाही तर काय? काही नाही. बुकिंगच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हवामानानुसार मार्ग बदलण्याचा अधिकार कप्तानाकडे राहील. थोडक्यात, बेट रद्द, बुफे चालू. गंमत अशी की निम्म्या लोकांची तक्रारच नसते. पनीर टिक्का गरम आहे, रात्री डीजे आहे, तलावात पोरं डुंबतायत. समुद्राच्या मधोमध जाऊन तलावात डुंबायचं असेल तर बाराही महिने उत्तमच म्हणायचे.

मग उरतो नाताळचा आठवडा. हवा छान, समुद्र बऱ्यापैकी शहाणा आणि भाडं आकाशात. वर थर्टीफर्स्टवाल्यांचा एक खासगी प्रश्न असतो, तो बायको शेजारी नसताना विचारला जातो. उत्तर असं की लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे, अपवाद बंगारामचा. हे ऐकल्यावर काहींचा उत्तम काळ लगेच बदलतो आणि उत्तम बेटही.

एप्रिलमध्ये समुद्र अजून तसा निवांत असतो, पण पाणी तापत जातं. २०२४ मध्ये ते इतकं तापलं की मे महिन्यापर्यंत तिथल्या प्रवाळाने रंग सोडला. जे पाहायला जायचं तेच पांढरंफटक. जानेवारीत अख्ख्या देशाने ज्या पाण्याचे फोटो पाहिले त्याच पाण्याची ही मे महिन्यातली बातमी, पण ती कुणी स्टेटसला ठेवली नाही.

तर फिरून आलो फेब्रुवारीवर. समुद्र सपाट, उकाडा माफक, पाण्याखाली स्वच्छ दिसतं. आणि आपल्याकडे? बारावीची परीक्षा, दहावीची परीक्षा, प्रॅक्टिकल, क्लासची सराव परीक्षा. परीक्षा नसलेल्या घरात शेजारच्या पोराची परीक्षा म्हणून टीव्ही बारीक. मार्चमध्ये साहेबाचं इयर एंड. थोरल्याची दहावी संपते तेव्हा धाकटी आठवीत, तिची दहावी संपते तेव्हा थोरल्याचं इंजिनिअरिंग, आणि सगळ्यांचं सगळं संपतं तेव्हा बाबांचे गुडघे. मग ते होडीत पाऊल टाकायचा तो ‘आता!’ ऐकून विचारतात, ‘जिना नाही का?’

यावर तोडगा साधा आहे. पोरगं सहावी-सातवीत आहे तोवर फेब्रुवारीतला एक आठवडा काढा. बाईंना खरं कारण सांगा, ताप आल्याचं पत्र देऊ नका, फोटो तुम्हीच टाकणार आहात. चार-पाच दिवस शाळा बुडेल. बुडू द्या. शाळा बुडाली तर वही मागून भरून काढता येते. बोटीचं तसं नसतं.